अंड्यांना दोन उन्हं

आता काय आणि कुठून सांगू? त्या प्रकाराला आमच्या घरात सगळे ‘चूक’ म्हणतात. तुम्ही बसा, चहा घ्या, आणि ऐकून तुम्हीच ठरवा. मी आधीच सांगून ठेवतो, मला ती चूक अजून मान्य नाही.

धरणगावात माझं धान्याचं दुकान आहे. शाळेशी माझं सातवीतच बिनसलं, पण धान्यानं मला कधी नापास केलं नाही. मूठभर गहू कानाशी नेऊन खुळखुळवला की त्यात ओल किती, हे मी डोळे मिटून सांगतो. साठवणुकीचं विचारायला तर लोक लांबून येतात. माझे नियम तीनच. माल स्वच्छ करा. दोन उन्हं दाखवा. एरंडेलाचा हात फिरवून कोठीत भरा. वर्षभरात एक किडा दिसला तर दुकानाची पाटी उतरवीन, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

तर, मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी बारा वाजता आमच्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा, मग पुढचं बोलू.

अशा उन्हात माझी थोरली बहीण, अक्का, दारात आली. ती शिरपूरपलीकडे डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहते. हिवाळ्यात रोग आला आणि तिच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, कोंबड्या गेल्या. वाचली ती एक तांबडी. ती आता घरी खुडूक बसली होती, म्हणजे अंडी उबवायला तयार होती. पण खाली ठेवायला अंडी कुठे? म्हणून अक्का फैजपूरला लेकीकडे गेली आणि तेरा गावरान अंडी घेऊन आली. अक्काचं पुन्हा सगळं उभं राहायचं ते या तेरांवर. पण मध्येच जवळच्या गावात एक लग्न निघालं, तेव्हा चार दिवस ती टोपली माझ्या हवाली झाली.

जाताना तिनं मला बजावलं, “देख भाऊ, यास्ले पानी लावानं नही. गार जागी, आंधारामा ठेव. बस.”

एवढंच. कोणाला सांगतेय? साठवणुकीचं? मला?

ती वळली आणि मी टोपलीवरचं फडकं काढलं. अंड्यांना माती, पिसं, काय काय चिकटलेलं. असा माल मी दुकानात उतरवून घेत नाही. बादली घेतली, कोमट पाणी, थोडा साबण. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

“अहो, अक्कांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलंय ना?”

“अक्काला कोंबड्या कळतात. साठवण मला कळते.”

“पण अंडी म्हणजे काय गहू आहेत?”

“टरफल दोघांनाही असतं,” मी म्हटलं. ती ओट्याकडे वळून भांडी आवरायला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

आता धुतलेला माल ओला असतो, आणि ओला माल कोठीत भरला की आटोपलं. म्हणजे ऊन दाखवणं आलंच. गच्चीवर काळी ताडपत्री अंथरली, तेरा अंडी अंतर राखून मांडली. दुपारी वर जाऊन कुरडयांसारखी उलटीपालटी केली. पहिल्या दिवशी संध्याकाळी उचलायला गेलो तर हात भाजला. याला म्हणतात ऊन लागणं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग एक अंडं कानाशी नेऊन हलवलं. धुताना हलवलं होतं तेव्हा आत काहीतरी डुचमळल्यासारखं वाटलं होतं. आता गपगार. एकदम घट्ट. माझी छाती फुगली. ओल गेली होती!

एकेका अंड्याला एरंडेल चोळलं आणि गव्हाच्या कोठीत खोचून ठेवलं. अंधार होता, गारवा होता. म्हणजे अक्काचंही ऐकलंच की मी.

चौथ्या दिवशी अक्का आली तेव्हा अंडी आरशासारखी चमकत होती. तिनं एक उचलून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अक्का, गॅरंटी माझी. यातलं एक जरी नासलं तरी मला भाऊ म्हणू नकोस. तिला बस गाठायची होती आणि भावावर विश्वास होता. गेली.

पुढं मी दर दोन दिवसांनी फोन करायचो. तांबडी दाणे खायलासुद्धा उठत नाही, असं अक्का कौतुकानं सांगायची. दुकानातल्या कॅलेंडरवर मी एकविसाव्या दिवसाला गोल केला होता. तो दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्याला अक्काचा फोन आला, “भाऊ, तू ये.” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पिलांसाठी बाजरीची कणी घेऊन मी गेलो. विचार करा, कणी घेऊन!

कोपऱ्यात तांबडी बसलेली. वाळून अर्धी झाली होती बिचारी, तुरा फिका पडलेला. अक्कानं तिच्याखालून एक अंडं काढलं, कानाशी नेलं आणि उंबऱ्यावर आपटलं.

ते फुटलं नाही. सोललं गेलं. आत पांढरं घट्ट, मधे पिवळं घट्ट.

दारात शेजारच्या बाया जमल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. अक्का त्या अंड्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “भाऊ, तेवीस दिन मनी कोंबडी उकडेल अंडास्वर बठनी.”

मी हटलो नाही. विचारलं, “अक्का, वास येतोय?”

“नही.”

“नासलंय?”

“नही.”

“मग मी गॅरंटी कशाची दिली होती?”

“मना पिल्ला कोठे शेतस?” ती म्हणाली.

कणीची पिशवी खाली ठेवली आणि तडक शिरपूरच्या बाजारात गेलो. दोन-तीन ठिकाणी हिंडून नुकतीच निघालेली तेरा गावरान पिलं मिळवली. अक्कानं ती एकेक करून तांबडीच्या पंखाखाली सरकवली. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. तांबडीनं मान वाकडी करून खाली पाहिलं, घशातल्या घशात कुक्-कुक् केलं आणि पंख पसरले. तेवीस दिवसांची मेहनत फळाला आली, असंच तिला वाटलं असणार. अक्कानं डोळे पुसले. मीही पुसले, पण दुसरीकडे तोंड करून.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अक्का हसत म्हणाली, आता ही बाकीची अंडी उकिरड्यावर टाक. बाया पुन्हा दारात आल्या होत्या. उकिरड्यावर? माझा माल? एकही नग न नासलेला?

मी सगळ्यांदेखत एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि खाल्लं. चव घेऊन खाल्लं. बायांचे पदर तोंडावरून खाली आले. त्या भरात दुसरंही खाल्लं.

शिरपूरहून धरणगावपर्यंत एसटी माझ्यासाठी चार वेळा थांबली. चौथ्या वेळी कंडक्टरनं मी उतरायच्या आधीच पाण्याची बाटली हातात दिली. घरी पोचलो तो भिंत धरून. बायकोनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय, लागलं ना ऊन?”

बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. अंडी शंभर टक्के चांगली होती. जे काही केलं ते टरफलावरनं बोटांना लागलेल्या एरंडेलानं केलं. आणि इतक्या दिवसांनीही ते इतकं गुणकारी निघालं, ते उगीच नाही. माझ्याच दुकानातलं होतं!