पालक थांबवा, पालक काढा

“माजं नाव कुनी काढलं?”

सविताताई हापिसाच्या दारातच उभी हुती. आत या म्हनलं तरी येईना. ऊस तोडता तोडता तशीच आलेली, लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट, हातात मोबाईल. वसतिगृहाचे कदम सर माज्याकडं बघाया लागले, कारन कॉम्प्युटरवर लिवलेलं हुतं, काढनार: रेश्मा. ती रेश्मा म्हंजी मी.

पन मी काढलं नव्हतं. हे सांगायचं तर आदी आमचं काम सांगावं लागंल.

भिंगारला आमचं वसतिगृह हाय. आईबाप ऊसतोडीला जात्यात, त्यांची पोरं शाळेसाठी हितं ऱ्हात्यात. दर पोराचं कॉम्प्युटरवर एक प्रोजेक्ट असतंय, खातंच समजा. फोटो, मार्क, दवाखाना, समदं त्यात. ते कुनाला दिसतं, कुनाला मेसेज जातो, त्याला परमिशन म्हनत्यात. ह्या परमिशन द्यायचं-घ्यायचं काम आता एआय एजंट करतो. त्याला नुसतं लिवायचं, अमक्याला टाक, तमक्याला काढ. त्याच्याकडं टूल असत्यात, एका टूलचं एक काम. टूलखाली एकदोन ओळी असत्यात, हे कशाला वापरायचं म्हनून. ते डिस्क्रिप्शन. एजंट त्येवढं वाचतो आन टूल उचलतो. समोर कोन मानूस हाय ते त्याला कुटं दिसतंय.

हापिसात लॉगिन एकच, माज्या नावाचं. त्यावरनं वॉर्डन मावशींनी एजंटला सांगितलं हुतं, बंद नंबर साफ कर.

“रेश्मा, टूल उघड,” सर म्हनले.

नोकरी गेली तर बाळाला घिऊन कुटं जाऊ, हेच डोक्यात. टूल उघडली. एक हुतं ‘पालक थांबवा’, खाली लिवलेलं, बंद पालकासाठी. दुसरं ‘पालक काढा’, खाली लिवलेलं, बंद पालक काढण्यासाठी. बास. ज्यांनी प्रोग्रॅम करून दिला त्यांनीच तसं लिवलेलं. एजंटला सांगितलं साफ कर, त्यानं दुसरं उचललं.

सविताताईचा नंबर बंद पडलेला नव्हता. ती श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला, दिसभर फोन बंदच असतो, सांजच्याला ट्रॅक्टरवाल्याकडं चार्ज करती, तवा मेसेज बघती. एजंटनं तिला बंद धरलं.

मंग तिच्या पोरीला, दीपालीला, ताप आला. डेंग्यू निघाला, सरकारी दवाखान्यात ठिवली. मावशींनी फोन लावला, बंद. मेसेज टाकला, तर कॉम्प्युटर म्हनला, सर्व पालकांना कळवले. सर्व म्हंजी कोन? दीपालीच्या यादीत कुनीच नव्हतं. कुनालाच न पाठवता त्याचं काम झालं. मावशी बिचाऱ्या निवांत झाल्या, कळलंय, येईल.

मी एका दुपारी दीपालीजवळ बसले हुते, बाळ मांडीवर. सलाईन चालू हुतं.

“आईला खरंच कळवलं का?”

“व्हय गं, येतीय.”

बाळाकडं बघून म्हनली, “याला ताप आला की तुमी कामाला जाता का?”

मी बाळाचं टोपडंच नीट करीत बसले.

शेवटाला गावाकडची एक बाई सविताताईला भेटली, म्हनली तुजी पोरगी दवाखान्यात ना? तवा तिला कळलं. ती आली तवर पोरगी उठून बसाया लागली हुती. मावशींनी यादी बघितली, तर हिचं नावच नव्हतं.

“श्रीगोंदा काय लांब हाय का?” सविताताई दारातनंच बोलत हुती. “सांजच्याला कळलं असतं तर रातच्याला मी हितं असते. पोरगी माज्याकडं बघंना. म्हनती, तुला तर कळवलं हुतं.”

“ताई, आमची सिस्टीम चुकली. आम्ही दुरुस्त करतो,” सर म्हनले.

“करा की. मी तिला नेते.”

मला ऱ्हावलं न्हाई. “ताई, नका नेऊ. परीक्षा आलीय. मला बी नववीतनं उसात नेलं हुतं, परत शाळा दिसली न्हाई.”

“तवा तुजी आई तुज्याजवळ हुती का?”

“हुती.”

“मंग?”

आन ती दवाखान्याकडं गेली.

सर मला म्हनले, “तूच लिही नवीन डिस्क्रिप्शन. पालक कसे राहतात तुला माहिती आहे. बोलतीस तसं लिही.” मला वाटलं लवकर केलं तर ती थांबंल. बाळाला टेबलाखाली झोपवलं आन लिवलं.

पालक थांबवा: फोन लागत नसंल, पालक ऊसतोडीला असंल, तर हे वापर. रोजचे मेसेज थांबतात. आजारपनाचा जातोच.

पालक काढा: पोरगं वसतिगृह सोडून गेलं तरच. फोन बंद हाय म्हनून वापरू नको. काढल्यावर कसलाच मेसेज जात न्हाई, आजारपनाचा बी न्हाई. आदी इचार, पोरगं अजून हितं हाय का.

आन कळवायच्या टूलला लिवलं, यादीत कुनी नसंल तर कळवले म्हनू नको, कुनीच न्हाई असं सांग.

मंग तीच ऑर्डर परत दिली, बंद नंबर साफ कर. ह्या बारीला त्यानं एकाला बी काढलं न्हाई. नावं पुढं ठिवली आन इचारलं, ही पोरं अजून हितं हायत का? सर म्हनले, “वा.” सविताताईचं नाव बी परत टाकलं.

मी पळतच दवाखान्यात गेले. कॉटवर दुसरीच पोरगी हुती. नर्स म्हनली, मघाशीच सोडलं, मायलेकी टेम्पोत बसून गेल्या.

परीक्षा झाली, तरी दीपाली आली न्हाई. सर म्हनले, खातं बंद कर. मी एजंटला लिवलं, सविताताईला काढ. त्यानं इचारलं, दीपाली अजून वसतिगृहात हाय का?

मी खात्यातला तिचा फोटो उघडून बघितला. मंग लिवलं, न्हाई. त्यानं काढलं.

नव्यानं हे काम करनाऱ्यांना येवढंच सांगते. टूल काय करतं ते समदे लिवत्यात. ते चालल्यावर कुनाला काय कळायचं बंद हुतं, ते आदी लिवा.