देवरे सरांचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम

देवरे सर अभिनय तपासायला इतके जवळ यायचे, की त्यांच्या तोंडातल्या तंबाखूचा भपकारा थेट आपल्या नाकात. मान जरा मागे घेतली की ओरडायचे, "खोटं शे! कॅमेरा याच्याहून जवळ येतो, तेव्हा काय पळून जाशील?" सर सटाण्याकडचे, चिडले की अहिराणीत शिरायचे. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते कॅमेऱ्यासमोरचा अभिनय शिकवत. आम्ही गणपतीच्या स्टेजवर घसा फोडून आलेली पोरं. आवाज खाली आणायला त्यांनीच शिकवलं, हे कबूल करायला हवं.

शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी त्यांनी स्टेजच काढून टाकलं. गंगापूर रोडला एक रिकामा फ्लॅट घेतला आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रम मांडला. माझ्या वर्गातली वैष्णवी मुलगी, मी तिचा बाप. प्रेक्षक म्हणजेच मुलाकडची मंडळी. त्यांनी समोर सोफ्यावर बसायचं, पोहे खायचे, वाटेल ते विचारायचं. कपाटाआड कॅमेरा घेऊन सर. नियम एकच. "काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. सोडली की नापास."

प्रेक्षक सगळे शहरातले प्रतिष्ठित, त्यात बायकाही. आम्ही महिनाभर घाम गाळला होता. त्यांना तालमीची गरजच पडली नाही. "चालून दाखव बरं." "लेन्स लावतेस का गं?" "केस खरे आहेत ना?" एका काकांनी तर तेलकट हात न पुसताच तिची वेणी ओढून बघितली. सगळे खिदळले.

वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं. 'बाबा' नाही म्हणाली, माझ्या नावानं हाक मारली. "समीर, सांग ना यांना."

मी मान खाली घातली. मग तिनंच तो हात झटकला, "बास झालं!" म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

सर कपाटाआडून हळहळत बाहेर आले. "काय क्लोजअप होता! अर्धं मिनिट थांबली असती तर!" काकांना त्यांनी चहा विचारला.

वैष्णवी नापास झाली. पुन्हा कॉलेजात आली नाही. मला वर्गात सर्वांत जास्त गुण. सरांनी पाठ थोपटली. "बापाची लाचारी काय दाखवलीस रे! डोळे भरून आले माझे."

मी काहीही दाखवलं नव्हतं. नापास व्हायची भीती होती, म्हणून गप्प बसलो होतो. त्या काकांची किळस येते, सरांची येते, पण त्या दोघांच्या आधी माझी स्वतःची येते. हे सरांना तिथंच सांगायला हवं होतं.

मी वाकून त्यांच्या पाया पडलो.