ड्रॅगनला गोठा कुठं?

अख्ख्या मावळात जमीन हातची न सोडणारा एकच माणूस उरला आहे, आणि त्याच्याकडे जमीन नाही. ते म्हणजे आमचे आबा, मळवलीच्या एका बंगल्याचे राखणदार. बंगला उभा आहे ते भातखाचर आबांनीच कधीकाळी विकलं. आता त्याच जागेवरच्या लॉनला ते पाणी घालतात आणि शनिवारच्या पाहुण्यांवर "चपला काढा!" असे काही ओरडतात, की पाहुणे पुढे स्विमिंग पूलमध्येही विचारून उतरतात. मी मात्र मोटार दुरुस्तीवाला. माझ्या चपला कुणाच्या बापालाही काढवता आल्या नाहीत.

बंगल्याच्या पाण्याची मोटार बघायला म्हणून गेलो आणि तीन वर्षं अडकलो. मालकाची लेक नोकरीला जाताना पत्त्यांचा एक डबा मागे ठेवून गेली होती. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. राक्षस, जादूगार, ड्रॅगन. जाण्याआधी तिने आबांना दोघांचा खेळ शिकवला होता. नऊ पत्ते तीन-तीनच्या ओळींत उताणे मांडायचे. एकाने कुठलीही आडवी किंवा उभी ओळ उचलायची, उरलेल्यांतली एक दुसऱ्याने, बाकीचे बाद. असं बऱ्याचदा मांडून आपापली फौज जमवायची आणि मग लढायचं. फौज पोसायला जमिनीचे पत्ते लागतात. थोडे!

आबांना हा 'थोडे' शब्द कळलाच नाही. पत्ते ते सुपात पाखडून पिसायचे, नऊ मांडायचे, आणि ओळ निवडेपर्यंत लोणावळ्याची लोकल जाऊन परत यायची. शेवटी उचलायचे काय? जमीन! डोंगर, दलदल, माळरान, जे दिसेल ते. इंग्रजी वाचता येत नसल्याने चित्रांना त्यांनी स्वतःच नावं दिली होती. हिरव्या, दात विचकणाऱ्या बुटक्याला ते 'एजंट' म्हणत आणि तो आला की ओळच्या ओळ सोडून देत. लढाईत माझे राक्षस त्यांच्या बावीस एकरांवर नाचायचे आणि अडवायला साधं कुत्रंही नसायचं.

"आबा, ड्रॅगन घ्या की एकदा तरी!"

"आन् बांधू कुटं? गोठा हाय का त्याला?" मग सूप हातात घेत हळूच, "जमीन सोडायची न्हाई बाबा. एकदा सोडून बगितली."

तीन वर्षांत आबा एकदाही जिंकले नाहीत. मी मात्र कामशेतभर अजिंक्य म्हणून मिरवत होतो.

मग मागच्या रविवारी मालकाची लेक डबा न्यायला आली. म्हणाली, "आबा, शेवटचा डाव खेळा. जिंकेल त्याने आवडेल तो एक पत्ता ठेवून घ्यायचा."

आबांचे डोळे कुठे गेले ते मी पाहिलं. डब्यात एक जमीन होती: मागे डोंगर, पुढे पाण्याने भरलेलं खाचर, बांधावर एक झाड. तिला ते 'आपली' म्हणत.

नेमकी शेवटच्या मांडणीत 'आपली' खालच्या ओळीत आली आणि वरच्या ओळीत ड्रॅगन. पहिली उचल आबांची. एक लोकल गेली. दुसरी गेली. आबांचा हात खालच्या ओळीवर गेला आणि वर सरकला. त्यांनी ड्रॅगन उचलला! मी लबाडाने लगेच खालची ओळ ओढली.

"घेतली का रं?" ते एवढंच म्हणाले.

पुढे काय सांगायचं? तीन वर्षांची पडीक जमीन ड्रॅगनला खायला मिळाली. त्याने माझी फौज अशी भाजली, की वास कार्ल्यापर्यंत गेला असेल.

"ड्रॅगन ठेवणार ना, आबा?" पोरीने विचारलं.

आबांनी ड्रॅगन डब्यात घातला आणि माझ्या ढिगातून 'आपली' काढून घेतली. "अशी परत मिळती व्हय," म्हणाले, पण आम्हा दोघांपैकी कुणाला नव्हे.

काल उगाच मोटार बघायला गेलो. मोटार ठणठणीत होती, याचंच वाईट वाटलं. आबा लॉनला पाणी घालत होते. सदऱ्याच्या खिशातून पत्त्याचा कोपरा डोकावत होता.

"चपला काढ," ते म्हणाले.

मी काढल्या.