फोनात न मावलेला हात

ये गो बाय, हे पत्र हातात घे आणि अशी जवळ येऊन बस. कानातली ती पांढरी बोंडं आधी काढून ठेव. फोनवर माझ्याशी बोलताना तू भाजी चिरत असतेस, मला सुरीचा आवाज येतो. 'हां आजी, हां आजी' करतेस आणि मी काय सांगितलं ते पुढच्या रविवारी तुला आठवत नाही. आज तसं चालायचं नाही. शिवाय तुझ्यावर माझा राग आहे, तो आधी बोलून टाकते.

आजा गेला त्या दिवशी तू फोनवर रडत म्हणालीस, "आजी, माका आजान बेसांव दिल्यानच नाय. तसोच गेलो." घर माणसांनी भरलेलं, फादर दारात आलेले, मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुझं ते बोलणं माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलंय. भाताचा गोळा गिळून जाणारा काटा नाही हा.

कोणी सांगितलं तुला, दिलं नाही म्हणून?

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला घेतली. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचन पुड्या बांधून आलेल्या कागदांवर आणि चर्चच्या पुस्तकांवर झालं. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आपल्या घरात संध्याकाळची जपमाळ संपली की धाकट्यांनी हात जोडून थोरांकडे बेसांव मागायचं, आणि थोरांनी उजवा हात वर करून आशीर्वाद द्यायचा. लहानपणी तू पेंगत पेंगत मागायचीस. एकदा चुकून मांजराकडे मागितलंस आणि आजा इतका हसला की अल्तारावरची, क्रुसापुढची मेणबत्ती विझली. आणि लग्नाच्या दिवशी मुलगी चर्चला निघण्याआधी घरच्या अल्तारापुढे गुडघे टेकते, तेव्हा पहिलं बेसांव घरातल्या सगळ्यांत थोर माणसाचं. तुझे आईबाप मस्कतला, तू आमच्या हातची वाढलेली. तो मान आज्याचाच होता. तू नर्स होऊन आयर्लंडला गेलीस, तिथेच मुलगा पसंत केलास, आणि लग्न मे महिन्यात आपल्या चर्चमध्ये करायचं ठरवलंस, त्या दिवसापासून तो मला सांगत असायचा, पोरीला हात मी देणार.

आणि त्याच वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, पडवीत जाळं शिवत बसला असताना त्याच्या हातातून सुई गळली. उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. सगळं आयुष्य रापणीत काढलेला माणूस तो. पाण्यात लांब जाळं सोडायचं आणि वाळूवर उभं राहून दोन्ही टोकांनी ओढत आणायचं, हेच त्याचं काम. तर इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, जाळं ओढताना द्यायची ती हाक. "ओड." पेज हवी तरी ओड, उशी बदलायची तरी ओड. त्याला भेटायला आलेल्या फादरना, त्यांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हाही, "ओड!" फादर दचकून हात काढायला लागले. मी म्हटलं, "नाही फादर, तो बरं वाटलं म्हणतोय."

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने सांगितलं, उजवा हात डाव्याने उचलत जा, थोडं थोडं, रोज. आज्याने मला खुणेने जुन्या जाळ्याची दोरी काढायला लावली, पडवीच्या वाशावरून टाकून घेतली, एक टोक उजव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं डाव्या हातात धरलं. सकाळी मी चूल पेटवायची तेव्हापासून वाशावर दोरी घासल्याचा आवाज. करर्र, करर्र. थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा करर्र.

मग एक दिवस दोरी ओढून झाली की नुसता हातही उचलायला लागला. हात कुठवर गेला ते आम्ही शर्टाच्या बटणांवर मोजायचो. खालच्या बटणापर्यंत यायला दिवाळी उलटली. कुंपणापलीकडची शेजारीण, तुला लहानपणी पाठीवर घेऊन फिरणारी, ती रोज ओरडून विचारायची, "भावजी, आज खंयच्या बटणार?" तो बोटाने दाखवायचा. "अजून थंयच? थांबा, मी वरची बटणां तोडूनच टाकतंय, मगे लवकर पोचतलास!" त्याच्या अर्ध्या तोंडाला हसू यायचं.

मला मात्र ते बघवत नसे. घामाने निथळायचा. रडायचाही, तुला सांगते. रापणकर माणूस, वादळात होडी उलटली तेव्हा रडला नव्हता, तो एका बटणासाठी रडायचा. मी म्हणायची, "अवो, डाव्या हातान दिया. डावो काय देवाचो नाय?" फादरही म्हणाले, "डाव्या हाताचा आशीर्वाद देव परत पाठवत नाही हो." आज्याने मान हलवली. नाय. ज्या हाताने तुझं पहिलं पाऊल वाळूत टाकायला लावलं, तोच हात त्याला हवा होता. मला तो हट्ट वाटायचा. फादरना मी तसं म्हटलंही, "म्हाताऱ्याचा हट्ट आहे, दुसरं काय." फादर त्या दोरीला हात लावून म्हणाले, "हट्टी माणूस स्वतःसाठी मागतो, बाई. याला तर कोणाला तरी द्यायचं आहे." चहा पिऊन ते गेले. माझ्या मनातून मात्र ते बोलणं गेलं नाही.

हात वरच्या बटणापाशी आला आणि तुझा फोन आला. कागदपत्रांची अडचण, रजा नाही, लग्न तिकडेच करावं लागणार. तू रडत होतीस, मी तुला समजावत होते. फोन ठेवला तेव्हा पडवीतला आवाज थांबलेला होता. त्याने ऐकलं होतं. मला वाटलं, संपलं आता. संध्याकाळी जपमाळेला त्याने तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीत फुंकर घालतेय आणि बाहेर करर्र.

मग मे महिन्यातला तो दिवस. मी त्याची दाढी केली, नवा शर्ट घातला, सगळी बटणं लावली. अल्तारापुढे खुर्चीत बसवलं. शेजारणीने आपला फोन स्टुलावर डब्याला टेकवून उभा केला. तू दिसलीस. पांढरा झगा, डोक्यावर जाळीदार ओढणी, मागे तुझ्या मैत्रिणींची धावपळ. तू तिथल्या फरशीवर गुडघे टेकलेस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "आजा, बेसांव दी."

आता नीट ऐक.

त्याचा हात मांडीवरून सुटला. डाव्या हाताची मदत नाही, दोरी नाही. एक एक बटण ओलांडत हात वर आला. वरच्या बटणाशी थांबला. मला वाटलं आता पडणार. शेजारणीने तोंडात पदर कोंबला होता. तो पुन्हा निघाला, खांद्याच्या बाहेर, वर, कपाळाच्या उंचीला, आणि तिथे राहिला. थरथरत होता, पण राहिला. बोटं पूर्ण उघडत नव्हती त्याची, तरी तळवा तुझ्याकडे होता.

आणि मी फोनकडे बघितलं. कोपऱ्यातल्या त्या लहान चौकटीत, जे तुला दिसत होतं त्यात, नुसतं त्याचं तोंड होतं. वाकडे झालेले ओठ, मिटलेले डोळे, घाम. हात चौकटीच्या बाहेर. तू म्हणालीस, "आजा, रडू नको रे, माका पण रडू येता." कोणीतरी मागून तुला हाक मारली, गाडी आली म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. ते चक्र फिरत राहिलं, मग काळं.

त्याने डोळे उघडले तेव्हा तू गेलेली होतीस. हात अजून वरच होता. शेजारीण रडत ओरडली, "हात पोचलो गो, पोचलो!" मीच तो धरून हळूच मांडीवर ठेवला.

मी पुन्हा फोन लावायला सांगत होते. त्याने थांबवलं. मी विचारलं, "तिका सांगू? तुमचो हात तिका दिसाक नाय." त्याने मान हलवली, नाय, आणि बोटाने जमीन दाखवली. इथे. इथे, घरात, तुझ्यासमोर, पुन्हा देणार होता. तू नाताळला येतेस असं म्हणाली होतीस ना! मी त्याला शब्द दिला की तू येईपर्यंत बोलणार नाही.

म्हणजे पुन्हा दोरी. सगळा पावसाळा, पार थंडी पडेपर्यंत. एकदा वर गेलेला हात दुसऱ्या दिवशी वर जात नाही, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा खालच्या बटणापासून. नाताळच्या गोडाला मी नेवऱ्या केल्या, दोदोल ढवळलं, त्याने डाव्या हाताने गोठ्यातल्या बाळ येशूसाठी सुकं गवत कापलं. आणि तुझा फोन आला, ड्युटी लागली. मी तुला दोष देत नाही, बाय. आजारी माणसांना सोडून कशी येशील! पण त्या दिवशी दोदोल कोणी खाल्लं नाही, ते मी शेजारी देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी करर्र. मला रागच आला. पडवीत जाऊन म्हटलं, "आता कोणासाठी? ती खंय येता!" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ओड." दुसरा शब्दच नव्हता त्याच्याकडे. पण मला वाटलं, त्याला जे म्हणायचं होतं त्याला दुसरा शब्द नाहीच.

एकदा संध्याकाळी जपमाळ झाल्यावर मीच हात जोडले. म्हटलं, "माझ्याकडे दिया, पोरीच्या नावान. मी सांभाळून ठेवतंय." त्याने माझ्याकडे बघितलं, फार मायेने बघितलं, आणि मान हलवली. नाय. दाराकडे बोट केलं. तू त्या दारातून येणार होतीस, तेव्हाच.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी रिक्षाने त्याला चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला नेत असे. चर्चच्या भिंतीवरची ती चित्रं मी जन्मभर बघत आले. तीन ठिकाणी प्रभू क्रुसाखाली पडतो. लहानपणी मला पडलेल्या प्रभूची दया यायची, बस. एका शुक्रवारी आज्याच्या खुर्चीला धरून उभी होते आणि माझ्या ध्यानात आलं, पडल्याची चित्रं तीन आहेत, पण उठल्याचं एकही नाही. पुढच्या चित्रात तो आपला पायांवर उभा. मधे कधीतरी उठला असेल, हाताने माती चेपून, गुडघा टेकून, तेव्हा तिथे चितारी नव्हता. फादर निर्धार निर्धार म्हणून प्रवचनात सांगायचे, मला वाटायचं ते काहीतरी छाती पुढे काढून करायचं असतं. मी आज्याकडे बघितलं. त्याचा हात मांडीवर होता आणि बोटं हळूहळू हलत होती.

पुढच्या आठवड्यात सकाळी आवाज आला नाही. मी पेज घेऊन गेले. दोरी वाशावरून सरळ लोंबत होती. तो आत खाटेवर होता, कुशीवर, उजवा हात छातीशी घेऊन. कुठल्या बटणावर होता ते मी बघितलं नाही. बघवलं नाही.

तुला खरं सांगू? देवावर माझा राग अजून गेलेला नाही. एवढं ओढलं त्या माणसाने, एक भेट त्याच्या जाळ्यात पडली असती तर काय बिघडलं असतं? जपमाळ रोज करते, पण कोरडी होते. शेवटी हात जोडायची सवय, जोडते, आणि समोर माझ्याहून थोर कोणी नसतं.

शेजारीण म्हणते, "ती दोरी काढून टाक गो, उगाच जीवाक लागता." मी काढलेली नाही. वाशावर तिने घासून खाच पाडली आहे, बोट घातलं तर बसतं. तुझं बोट घालून बघायला हवं तुला. शेजारणीलाही विचार, हात कुठवर गेला होता ते ती उभी राहून दाखवते, दर वेळी रडते आणि दर वेळी थोडा जास्तच उंच दाखवते.

तेव्हा पुन्हा कधी म्हणू नकोस, दिलं नाही म्हणून. दिलं. पुरं दिलं. तुझ्या फोनात मावलं नाही एवढंच.

माझाही खांदा हल्ली धरतो. केस विंचरताना कळतं. शर्टाची बटणं मला नाहीत, पण मी आपली सकाळी पडवीत उभी राहून दोरीला हात लावते आणि थोडं ओढून बघते. आता थोर मीच आहे, म्हणजे तुझं इथलं राहिलेलं बेसांव मलाच द्यायचं आहे, त्याच अल्तारापुढे, त्याच जमिनीवर. आंबे अजून आहेत, तुझ्या नवऱ्यालाही घेऊन ये. नाताळचं नाव काढू नकोस, नाताळ फार लांब आहे. मे सरायच्या आत रजा माग, नाही दिली तर पुन्हा माग. दार उघडंच असतं. लवकर ये गो बाय.