मामांनी जुळवलेली सोयरीक

जगात अनोळखी माणूस असतो, हे माझ्या बायकोच्या मामांना मुळात मान्यच नाही. चुकून लागलेल्या फोनवरही ते "पावणं, गाव कंचं?" असं विचारतात, आणि अशाच एका राँग नंबरवाल्याच्या घरी, शिरोळला, वास्तुशांतीचं जेवून आले आहेत. जन्मभर दूध संघाच्या शीतकेंद्रात यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांनी कानात सांगितलेली गोष्टही कोपऱ्यावरच्या पानवाल्याला कळते.

पाचेक वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची नात सई चालता चालता पडू लागली. इथल्या, कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मन लावून तपासलं आणि सांगितलं, हा फार क्वचित होणारा आजार दिसतो, खात्रीची तपासणी पुण्याची संशोधन संस्थाच करू शकेल. रक्त पाठवलं, ते वाटेतच खराब झालं. दवाखान्याला वाटलं बर्फाची सोय संस्था करणार, संस्थेला वाटलं दवाखाना करणार. मग दोघांची पत्रापत्री सुरू झाली. ती संपेना, आणि इकडे सईला भिंत धरल्याशिवाय चालता येईना.

मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं, असं मामी सांगत होत्या. पण एका रविवारी त्यांनी डॉक्टर मॅडमना आणि पुण्याच्या संशोधक साहेबांना, एकाचं दुसऱ्याला न कळू देता, घरी मटणाला बोलावलं. साहेब एवढ्या लांबून कसे आले, याचं मला नवल वाटलं. हात धुताना ते हळूच म्हणाले, "आठवडाभर रोज सकाळी फोन करून तब्येत विचारत होते हो. शेवटी आलो."

ताटं वाढून झाल्यावर मामा म्हणाले, "माझं दूध पुण्यापातूर कधी नासलं न्हाय. आणि तुम्हा दोघांच्या मधी माझ्या नातीचं चमचाभर रक्त नासतंय व्हय?"

मॅडम खाली बघून म्हणाल्या, "चूक आमची आहे." साहेब म्हणाले, "आमचीही." मामांनी लगेच रश्श्याच्या वाट्या बाजूला सारून कागद मांडला. रक्त कुणी काढायचं, बर्फ कुणी भरायचा, कुठल्या गाडीनं जायचं, उतरवून कोण घेणार, सगळं तिथंच ठरलं. पुढच्याच आठवड्यात जुन्या ऑफिसातून मागून आणलेला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मामा स्वतः पुण्याच्या एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं. "नात हाय," मामा म्हणाले. बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

निदान झालं. त्यावरचं औषध सईला इथंच, त्याच दवाखान्यात मिळू लागलं. दोन्ही संस्थांचा रीतसर करार झाला. त्यातली कलमं मामांच्या कागदावरचीच आहेत, फक्त रश्श्याचे डाग काढलेले. आता पार गगनबावड्याहून आईबाप अशीच आजारी मुलं घेऊन त्या दवाखान्यात येतात, आणि मामा दर मंगळवारी त्यांच्याबरोबर बाकावर बसून असतात.

सई पुरती बरी झालेली नाही, बहुधा होणारही नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. परवा गेलो तेव्हा ती जिना चढत होती, कठडा न धरता, थांबत थांबत. मागून मामा. त्यांचे दोन्ही हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होते, टेकवलेले नव्हते. ती वर पोचून आत गेली, तरी ते हात बराच वेळ तसेच होते.