करवंदीच्या जाळीखालचं शहर

जगात जमिनीखाली जे जे काही गाडलं गेलं आहे ते सगळं केवळ आपल्याच येण्याची वाट पाहत पडलं आहे, अशी ठाम समजूत असलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा लोणावळ्याला राहतात, मी तळेगावला. मध्ये अंतर फार नाही, हे माझं दुसरं दुर्दैव. तिसरं म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. मामा रेल्वेत होते, घाटातल्या बँकर इंजिनावर. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून जोर लावायचा, लोणावळ्याला सुटायचं आणि पुन्हा खाली जायचं, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. "जावईबापू, जन्मभर दुसऱ्याची गाडी मागून ढकलली," ते म्हणतात. "पुढ्यात बघावं तर डब्याची पाठ. आता एकदा तरी असं काही बघायचंय, जे माझ्याआधी कुणी बघितलेलं नाही." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. आता मी निमूटपणे गाडीची किल्ली शोधतो.

त्यांच्या डोक्यात हे खूळ भरवलं मोबाइलनं. तिकडे मध्य अमेरिकेतल्या जंगलावरून म्हणे विमान फिरवलं, वरून लेसरचे किरण सोडले, आणि दाट झाडीखाली माया लोकांची अख्खी शहरं सापडली. रस्ते, देवळं, घरांच्या ओळी, सगळं. मामांनी हे मला आमच्याच घरी पोह्यांवर समजावून दिलं. "ही कोथिंबीर म्हणजे जंगल. किरण पानांच्या फटींतून खाली जातो आणि जमिनीला लागून परत येतो. मग संगणक जंगल बाजूला काढतो." असं म्हणून त्यांनी माझ्या ताटलीतली कोथिंबीर चिमटीनं उचलली. "राहिलं काय? पोहे!" तेही मग त्यांनीच खाल्ले. तेव्हापासून मावळातला एकही उंचवटा त्यांच्या संशयातून सुटलेला नाही. सोसायटीमागच्या, घाणेरीनं झाकलेल्या ढिगाऱ्याला त्यांनी पिरॅमिड ठरवलं आणि तो हलवायला आलेल्या जेसीबीसमोर खुर्ची टाकून बसले. आतून बिल्डरनं टाकलेला राडारोडा निघाला, फुटक्या कमोडसकट. मामा म्हणाले, "हा वरचा थर झाला."

लेसरचं यंत्र मिळणार कुठून, या एका भरवशावर मी निश्चिंत होतो. पण मामांच्याच मजल्यावर राहणारी एक मुलगी सर्व्हे कंपनीत नोकरीला लागली, आणि त्या कंपनीला नवं ड्रोन चाचणीसाठी एखाद्या झाडीभरल्या टेकडीवरून उडवायचं होतं. टेकडी कुठली घ्यावी, हे तिनं भाबडेपणानं मामांनाच विचारलं. मामांनी पवनेच्या अंगाची, तिकोणा पेठेपलीकडची एक टेकडी सुचवली. पुढे तिनं झाडी वगळून उमटलेलं चित्र छापून आणून दिलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घराची शांतता संपली. टेकडीच्या उतारावर खरोखरच एका मापाच्या आखूड चौकटी होत्या, ओळीखाली ओळ, पेठेतल्या घरांसारख्या. वरच्या सपाटीवर एक मोठा चौकोन होता. "काका, हे खड्डे आहेत, भिंती नाहीत. आणि किती जुने ते यातून कळत नाही," ती मुलगी म्हणाली. "घरं खचली असणार," मामा म्हणाले. "आणि तो वरचा राजवाडा."

मग गुप्तता आली. दुसरं कुणी आधी पोचेल म्हणून टेकडीचं नाव घ्यायचं नाही, मामींपाशीसुद्धा नाही. म्हणायचं फक्त 'स्थळ'. मामींनी विचारलं, "एवढ्या सकाळी कुटं?" तर हे म्हणाले, "स्थळ बघायला." मामी म्हणाल्या, "या वयात?" एवढी गुप्तता पाळून मामांनी रेल्वेतल्या सगळ्या निवृत्त मित्रांना पुढच्या आठवड्याचं दर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं आणि एका बातमीदाराला फोनही केला. मला धडकीच भरली. हा माणूस उद्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडला तर त्याचं काय होईल? कारण मामांचा वात येत असला, तरी त्या कागदाकडे बघताना त्यांचा चेहरा कसा उजळायचा, ते मी रोज बघत होतो. म्हणून आधी आपण दोघं वर जाऊन खात्री करू, असं मीच सुचवलं. चूक माझी.

त्या रविवारी गाडी पवनेकडे जाणार, एवढं मामींनी माझ्याकडून काढून घेतलं आणि त्याही गाडीत बसल्या. टेकडीखालची वाडी हे त्यांचं माहेर, त्यांना भावाकडे सोडायचं होतं. भावाच्या दाराला कुलूप. सगळी मंडळी शिरगावला दर्शनाला गेली होती. मग मामीही पदर खोचून आमच्याबरोबर चढायला लागल्या. मामा वाटेत दर दगडाला हात लावून थांबत होते, मला करवंदीचे काटे ओरबाडत होते, आणि मामी आम्हा दोघांच्याही पुढे होत्या. वर पोचल्यावर मामांनी दगडावर कागद पसरला, घाम पुसला आणि हात उंचावून म्हणाले, "बघा. एवढं नगर, आणि कुणाच्या हातांनी उभारलं ते कुणालाच माहीत नाही."

मामी कागदावर वाकल्या. मग उताराकडे बघून म्हणाल्या, "अवो, हे तर आमचं हमीचं काम. दुष्काळाच्या साली ह्ये चर आमीच खांदलेत."

"कसले चर?"

"पानी मुरवायचे. रोजगार हमीवर. ज्येचा त्येचा चर येगळा, मापानं पैसं. म्हून तर समदे सारखे हायेत."

"आणि हा राजवाडा?" मामांचा आवाज उतरला होता.

"तितं मुकादमाची खोप व्हती. बारकी पोरं तितं निजवायची. दुपारी तितंच सरकारची सुकडी खायाला वाटायचे."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी कुटं इचारलंत?"

खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. माझे रविवार सुटले होते. मग मामांकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. ते कागदाकडे बघतच नव्हते, मामींकडे बघत होते. खिशात फोन होता, मित्रांना काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होता, पण त्यातलं काही त्यांना आठवत असावं असं दिसेना.

"तेव्हा किती वर्षांची होतीस?" त्यांनी विचारलं.

"परकर नेसत व्हते."

"पोटभर मिळायचं का?"

मामींनी जरा विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या.

मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग उतरायला लागलो, तसे ते प्रत्येक चरापाशी थांबून विचारू लागले, हा कुणाचा, तो कुणाचा. मामी सांगत होत्या. ह्यो सखूमावशीचा, ती गेली. ह्यो ठकीचा, ती पार कामशेताकडं दिली. आमच्या पायांखालचे चर पाचोळ्यानं बुजत आले होते. बोट लावून दाखवल्याशिवाय ते दिसलेही नसते.

"आन् ह्यो आमच्या आईचा," मामी म्हणाल्या.

तो चर सहज ओलांडता आला असता. मामांनी तो ओलांडला नाही. करवंदीच्या जाळीतून वाट काढत ते त्याला वळसा घालून गेले. मग मीही तसाच गेलो.