जाळी नाही तर पूजा नाही

आमच्या कारखान्यात देवांची कमतरता कधीच नव्हती. गेटवर गणपती, ऑफिसात लक्ष्मी, स्टोअरच्या दारावर मारुती, हत्यारांच्या कपाटाशेजारी विश्वकर्मा आणि मालकांच्या कपाळावर रोज सकाळी ताजं गंध. कमतरता होती ती एका जाळीची. आणि तीसुद्धा विकत आणलेली होती बरं का! स्टोअरमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडली होती.

मी बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या या कारखान्यात प्रॉडक्शन बघते. आमच्याकडे पत्र्याचे भाग काढणाऱ्या पॉवर प्रेस आहेत. पायाखालचं पेडल दाबलं की वरची डाय धाडकन खाली येते, पत्रा कापते आणि वर जाते. माणसाचा हात आणि ती डाय यांच्यामध्ये जाळीचं एक दार असतं. दार उघडं असेल तर पेडल कितीही दाबा, प्रेस हलत नाही. सगळ्यात मोठ्या प्रेसची जुनी जाळी नव्या डायच्या आड येत होती म्हणून काढली, आणि नवी आली ती बसवायला मुहूर्त मिळेना. बसवायची तर अर्धा दिवस प्रेस बंद ठेवायला हवी ना! "युगादी होऊ द्या मॅडम." "ही ऑर्डर जाऊ द्या मॅडम." "दसरा झाला की नक्की." असा माझ्या कोपराला गूळ लावून मालक मोकळे व्हायचे. माणूस वाईट नाही. पगार वेळेवर देतो, कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः जातो. पण मशीन बंद म्हटलं की तो तासांचा हिशेब मांडायला लागतो.

त्या प्रेसवर अण्णा काम करायचे. त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीकाळी इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. मी बंगळुरूच्याच मल्लेश्वरममध्ये वाढलेली, वडील सरकारी कंपनीत इंजिनिअर, घरी पुणेरी मराठी. त्यामुळे कारखान्यात आम्ही दोघंच मराठीत बोलायचो, म्हणजे मी मराठीत आणि अण्णा निम्म्या कन्नडात. वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, पण मला अक्का म्हणायचे. रोज सकाळी प्रेसला हात लावून तो हात छातीला लावायचे आणि मगच स्विच दाबायचे.

गेल्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीच्या, म्हणजे इथल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी अर्धी पाळी काम होतं आणि मग साफसफाई. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. मी लाइनवरून चालले होते आणि अण्णांचा हात डायखाली अडकलेला तुकडा काढायला आत गेलेला मी बघितला. पाय पेडलवर होता. डाय खाली आली. हात बाहेर आला, पण हातमोजा आतच राहिला, आणि वर गेलेल्या डायखाली त्याची चपटी चकती पडलेली होती.

मी धावत प्रेसपाशी गेले. अण्णा मात्र हसले. म्हणाले, "सरी अक्का, ठीक आहे, काही झालं नाही. देवीनं वाचवलं."

"देवीने कुठे कुठे बघायचं हो अण्णा? तिला काय एवढीच प्रेस आहे?" मी ओरडलेच. मी मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, लाल पाटी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "आज साफसफाईत कुठे काढता ते? पूजा झाल्यावर बघू." पूजा झाल्यावर म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. आयुधपूजेत एकदा पाने, हातोड्या, ड्रिल पूजेला मांडले की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मग सुट्टी. मग अडकलेली ऑर्डर. मग दिवाळी. आणि अण्णांचा हात तेवढे दिवस देवीच्या भरवशावर.

संध्याकाळी चरफडत घरी आले तर आई चिंच लावून देव घासत बसली होती. अन्नपूर्णा बाजूला फडक्यावर काढून ठेवलेली. घासताना तिच्या हातातली पळी मोडली होती.

"आता उद्या पूजेला हिला नाही बसवायची?" मी विचारलं.

"भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवतात का?" आई म्हणाली. "आवाहन करायचं म्हणजे पाहुण्याला बोलावणं. मोडक्या पाटावर बसवतेस का पाहुण्याला? चिकपेटेत पितळेचं काम करणारा आहे, त्याच्याकडून जोडून आणू, मग पुन्हा प्रतिष्ठा करू. नाही जुळली तर पाण्यात सोडू. दुरुस्त तरी कर, नाहीतर विसर्जन तरी कर. मधलं काही नसतं."

मधलं काही नसतं! मी चहा तसाच टाकून उठले. मालकांना सुरक्षेचे नियम सांगून माझा घसा कोरडा पडला होता. हे कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी कारखाना नुसता लखलखत होता. प्रत्येक मशीनला केळीचे खुंट, झेंडूचे हार, हळदीकुंकवाचे पट्टे. गेटवर फोडायला कोहळा आणि सगळ्यांना वाटायला चुरमुऱ्यांची पोती. माणसं नव्या शर्टात, बायकामुलं सोबत. अण्णांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, सगळ्यांसाठी गजरे आणले होते. त्या सगळ्यात मोठी प्रेस तेवढी उघडीबोडकी, लाल पाटी गळ्यात घालून उभी. मीच सांगितलं होतं, हिला कोणी हार घालायचा नाही.

मालक बघतच राहिले. "मॅडम, हिला फूल नाही?"

"हिची पूजा होणार नाही, सर. ही खंडित आहे."

"काय?"

"हिचा एक अवयव स्टोअरमध्ये पडलाय. खंडित मूर्तीची पूजा तुम्ही घरी करता का?"

माणूस पक्का भाविक, आणि भाविकाला शास्त्रावरून डिवचलं की तो ऑर्डर-बिर्डर सगळं विसरतो. "मला शास्त्र शिकवू नका," ते म्हणाले. "शाळिग्राम भंगला तरी त्याची पूजा होते."

"होते ना. कारण शाळिग्राम कोणी घडवलेला नसतो. नदीत आपसूक झालेला, म्हणून तुटला तरी पूर्णच. ही प्रेस माणसांनी घडवलीय, आणि जाळीसकट घडवलीय. ड्रॉइंग दाखवू?"

पुरोहित एव्हाना संकल्प सोडायला बसले होते. त्या दिवशी त्या भागातल्या पुरोहितांना श्वास घ्यायला फुरसत नसते. स्कूटरवरून या गेटातून त्या गेटात. मालक त्यांच्याकडे वळले. "तुम्हीच सांगा या मॅडमना."

मी आधीच विचारलं, "गुरुजी, महिषासुराला मारायला देवी निघाली तेव्हा सगळ्या देवांनी तिला शस्त्रं दिली. शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र. आपल्या या विश्वकर्म्याने काय दिलं?"

"परशू," पुरोहित म्हणाले.

"एवढंच?"

त्यांनी एकदा मालकांकडे बघितलं, एकदा त्या प्रेसकडे. "परशू आणि अभेद्य कवच," ते सावकाश म्हणाले. "दोन्ही दिलं. आहे तसं."

"म्हणजे बघा सर! साक्षात देवी, तीसुद्धा कवचाशिवाय हत्यार उचलत नाही. आणि आमचे अण्णा?"

मालकांचा चेहरा लाल झाला होता. सगळी माणसं जमली होती आणि सगळ्यांसमोर माघार घ्यायची म्हणजे अवघडच. "ठीक आहे," ते म्हणाले. "पूजा झाल्यावर बसवू. शब्द देतो. आता किल्ली द्या." त्यांनी हात पुढे केला.

"पूजा झाल्यावर पान्याला कोण हात लावणार? आधी जाळी, मग पूजा."

"मुहूर्त टळेल."

"टळू दे."

"मॅडम, किल्ली."

"नाही देणार," मी म्हटलं. नोकरी गेली असं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. घराचा हप्ता, आईची औषधं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. भीती वाटली, का नाही वाटणार? पण तो चपटा हातमोजा त्याच्याही आधी दिसत होता.

आणि मग अण्णाच माझ्यावर उखडले. "अक्का, द्या की किल्ली! वर्षभर मी तिच्याबरोबर असतो. सगळ्यांना हार आणि माझ्या मशीनलाच नाही? सणाच्या दिवशी कशाला हा अपशकुन?" त्यांचा आवाज भरून आला होता. मालकांच्या रागाने मला काही झालं नव्हतं, पण हे जिव्हारी लागलं. ज्याच्यासाठी चोरी करावी त्यानेच चोर म्हणावं, तशातली गत! मी तोंड फिरवलं. रडले असते नाहीतर.

"कसली जाळी?"

वहिनी पुढे आल्या होत्या. गजऱ्यांची परडी हातातच. "कुठल्या मशीनची? यांच्या?"

अण्णा म्हणाले, "स्वल्प गप्प बस. कामातलं आहे ते."

"काल हातमोजा कुठे गेला विचारलं तर हरवला म्हणालात." त्या माझ्याकडे वळल्या. "हरवला का हो?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांच्या तोंडून यावं असं मला वाटत होतं. पण ते खाली बघत राहिले, आणि वहिनींना त्यातच उत्तर मिळालं. त्यांनी परडी खाली ठेवली, नव्या इरकली लुगड्याची पर्वा न करता त्या प्रेससमोर सिमेंटवर बसल्या आणि मालकांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आम्हाला देवासारखे. पण ती जाळी बसल्याशिवाय मी इथून उठत नाही. मुहूर्त तुमचा जाईल. हात माझ्या घरचा जाईल."

बाकीच्यांच्या बायकाही एकेक करून येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मग पुरोहितांना म्हणाले, "तुम्ही शेजारची पूजा उरकून या." आणि फिटरकडे न बघताच, "आण ती जाळी."

फिटरने नवा शर्ट काढून खुंटीला अडकवला. इलेक्ट्रिशियनने पूजेला मांडलेला आपला टेस्टर परत उचलला. भोकं जुळेनात, पुन्हा पाडावी लागली. मुहूर्त गेला. जेवणाचं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, गार झालं, पोरांनी चुरमुऱ्यांचं एक पोतं फोडून फस्त केलं. मालक माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसून होते. मी कुलूप काढलं ते जाळीचं दार आणि त्याचा स्विच स्वतः तपासल्यावरच.

पुरोहित परत आले, पूजा सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक मशीनला कुंकू लावायचं, फूल वाहायचं, एकदा चालवून दाखवायचं आणि शेवटी सगळ्यांची मिळून आरती. अण्णांनी स्वतः त्या प्रेसला सगळ्यात मोठा हार घातला. माझ्याकडे बघितलं नाही. स्विच दाबला. तेवढ्यात वर वाहिलेलं शेवंतीचं फूल घरंगळून खालच्या डायवर पडलं.

अण्णांनी जाळीचं दार वर केलं आणि फूल उचलायला हात आत घातला. त्यांचा पाय पेडलवर गेला. मी बघितलं, मालकांनी बघितलं, वहिनींनी बघितलं. इतक्या वर्षांची सवय, पायाला काय कळतंय? पेडल पूर्ण खाली दाबलं गेलं.

प्रेस हलली नाही.

अण्णांचा हात फुलावर तसाच राहिला. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, वर थांबलेल्या डायकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मालक आरतीचं ताट घेऊन एक पाऊल पुढे आले.

वहिनी उठल्या. त्यांनी तो हात हळूच बाहेर काढला, मनगटाशी घट्ट धरला आणि आपल्या छातीशी लावून ठेवला. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, त्या दोघांनी वाजवल्या नाहीत. ताट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलं तरी वहिनी हात सोडेनात. अण्णांनी डाव्या हाताने आरती घेतली, आणि पुरोहितांनीसुद्धा त्यांना काही म्हटलं नाही.